इतवारीतलं एक्सटी: काळा पडदा, चार कारणं

नागपूरच्या इतवारीत किराण्याचा ठोक व्यापार करणारी एक पेढी. तिच्या माडीवर चादरीखाली झाकलेलं एक एक्सटी क्लोन, म्हणजे आयबीएमच्या एक्सटी या जुन्या पीसीची नक्कल: ८०८८-२ प्रोसेसर, ४.७७ आणि ८ मेगाहर्ट्झ अशा दोन गती, ६४० केबी रॅम, २० एमबीची एमएफएम हार्ड डिस्क, १२ इंची अंबर मॉनिटर आणि प्रिंटर पोर्ट असलेलं हर्क्युलीस कंपॅटिबल मोनो कार्ड, म्हणजे पडद्याला एकरंगी चित्र पुरवणारं कार्ड. भागीदारीच्या वाटणीसाठी १९९१ ते १९९७ची खाती हवी होती. त्यातल्या दोन वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. हिशेबाचा प्रोग्राम आणि त्याचा डेटा याच डिस्कवर होता.

मशीन मेलेलं नव्हतं. स्विच दाबला की पंखा फिरायचा, एक छोटा बीप यायचा, डिस्कचा दिवा लुकलुकायचा. पडदा मात्र काळाच.

एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, असं एक्सटीवाले पाठ म्हणतात. या प्रकरणात तोच बीप सगळ्यात जास्त फसवा निघाला.

आधी काय काय करून झालं होतं

जुनं मशीन टेबलावर आलं की पहिला प्रश्न "काय होतंय" हा नसावा. "याला आधी कोणी हात लावला आणि काय बदललं" हे विचारावं. इथे दोन प्रयोग होऊन गेले होते.

पहिला प्रयोग ऑनलाइन मागवलेल्या ९ पिन ते १५ पिन अडॅप्टरचा. तो लावून कार्ड घरच्या एलसीडीला जोडलं आणि एलसीडीने "नो सिग्नल" सांगितलं. तसं होणारच होतं. या अडॅप्टरात फक्त तारा असतात. ज्या जुन्या मल्टिसिंक मॉनिटरांना ९ पिनांचं तोंड होतं, त्यांच्यासाठी तो बनलेला. तारेची जागा बदलून वारंवारता बदलत नाही. मोनो कार्डाची आडवी वारंवारता १८.४३२ किलोहर्ट्झ, उभी ५० हर्ट्झ, पिक्सेल क्लॉक १६.२५७ मेगाहर्ट्झ. साध्या एलसीडीचं व्हीजीए तोंड ३१ किलोहर्ट्झच्या आसपास ऐकायला सुरुवात करतं. पातळीचाही घोळ आहे: मोनो कार्ड टीटीएल देतं, म्हणजे शून्य किंवा ५ व्होल्टच्या आसपास, तर व्हीजीएची वाट ०.७ व्होल्ट आणि ७५ ओहमची. टीटीएल चिपच्या पायावर ७५ ओहमचं ओझं टाकणं म्हणजे पायरिक्षाला ट्रॉली बांधणं. थोडा वेळ ओढेल, पण ते तिचं काम नाही.

दुसरा प्रयोग एका दुरुस्तीवाल्याचा. त्याने मोनो कार्ड काढून १६ बिटी व्हीजीए कार्ड ८ बिटी स्लॉटमध्ये बसवलं. कल्पना वाईट नव्हती, अनेक १६ बिटी व्हीजीए कार्डं ८ बिटी स्लॉटमध्ये चालतात. पडद्यावर डॉस आलं. पण हिशेबाचा प्रोग्राम सुरू केला की पडदा जिथल्या तिथे थिजायचा, आणि छपाई दिली की "प्रिंटर नॉट रेडी". व्हीजीए काढून मोनो कार्ड परत बसवलं, तर आता काहीच दिसेना. तेव्हा निष्कर्ष निघाला की मोनो कार्ड जळलं.

ते जळलं नव्हतं. व्हीजीए लावताना मदरबोर्डवरचे डिप स्विच बदलले होते आणि नंतर ते तसेच राहिले.

आठ स्विचांची पट्टी

एक्सटीमध्ये सेटअप मेनू नसतो. मशीनला काय जोडलंय ते मदरबोर्डवरच्या आठ स्विचांची पट्टी सांगते. दुसरा स्विच कोप्रोसेसरचा, तिसरा-चौथा रॅमचा, सातवा-आठवा फ्लॉपी ड्राइव्हच्या संख्येचा. पाचवा-सहावा डिस्प्लेचा:

दोन्ही ऑफ: मोनो (आयबीएमचं एमडीए किंवा हर्क्युलीस).
पाचवा ऑन, सहावा ऑफ: सीजीए (आयबीएमचं रंगीत कार्ड), ८० कॉलम.
पाचवा ऑफ, सहावा ऑन: सीजीए, ४० कॉलम.
दोन्ही ऑन: डिस्प्ले नाही, किंवा स्वतःची बायोस (चालू होताना धावणारा, चिपमधला प्रोग्राम) असलेलं पुढचं रंगीत कार्ड: ईजीए, व्हीजीए.

हे आयबीएमच्या ५१६०चं, म्हणजे मूळ एक्सटीचं, कोष्टक. बहुतेक क्लोन तेच पाळतात, तरी बोर्डावर छापलेलं वाचून खात्री करावी.

इथे पाचवा आणि सहावा दोन्ही ऑन होते. मोनो कार्डावर स्वतःची बायोस नसते. त्यामुळे मदरबोर्डच्या बायोसने समजून घेतलं की डिस्प्ले नाहीच. तिने कार्ड तपासलं नाही, सुरूही केलं नाही, आणि निवांतपणे एक छोटा बीप दिला. या बीपचा अर्थ एवढाच की जे तपासलं ते ठीक आहे. व्हिडिओ तपासलाच नव्हता.

दोन्ही स्विच ऑफ करून मशीन चालू केल्यावर बीप बदलला: एक लांब, दोन छोटे. व्हिडिओत दोष. पडदा अजून काळाच, पण मशीन आता खरं बोलत होतं.

स्विच हलवण्याआधी पट्टीचा फोटो काढावा आणि हलवताना मशीनची वायर भिंतीतून काढलेली असावी. वर्षानुवर्षं न हललेल्या स्विचचे आतले संपर्क काळवंडतात, म्हणून प्रत्येक स्विच आठ-दहा वेळा मागेपुढे करून मगच जागेवर ठेवावा.

वीज देण्याआधीची दोन मिनिटं

क्रम थोडा मागे नेतो, कारण हे सगळ्यात आधी झालं होतं. पॉवर सप्लायचे पी-८ आणि पी-९ हे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी बसतात. काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसवले तर बोर्ड गेला. मग मशीन बंद ठेवून स्लॉटच्या बी-३ (५ व्होल्ट), बी-९ (१२ व्होल्ट), बी-७ (उणे १२) आणि बी-५ (उणे ५) या टोकांपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजला. या पिढीच्या बोर्डांवर १२ व्होल्टच्या वाटेवर १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे टँटलम कपॅसिटर असतात. वय झालं की ते शॉर्ट होतात, कधी फटाका फोडून, कधी गुपचूप. मग सप्लाय एकदा हुंकार देऊन बंद पडतो. इथे शॉर्ट नव्हता. असता तर २५ किंवा ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावून मोकळं व्हावं.

हार्ड डिस्कची वायर या टप्प्यावर काढून ठेवली. पडदा दिसेपर्यंत तिला फिरवण्यात अर्थ नव्हता. बूट करायला ३६० केबीची डॉस फ्लॉपी पुरेशी.

सिंक नाही, म्हणून कार्ड मेलं?

मोनो कार्डाच्या ९ पिनी तोंडावर पिन १ आणि २ ग्राउंड, ६ इंटेन्सिटी, ७ व्हिडिओ, ८ आडवं सिंक, ९ उभं सिंक (नवी रेषा आणि नवं चित्र कधी सुरू करायचं ते मॉनिटरला सांगणारे ठोके). हर्ट्झ मोजणारा कोणताही मल्टिमीटर इथे कामाचा. पिन ८वर साधारण १८.४ किलोहर्ट्झ आणि पिन ९वर ५० हर्ट्झच्या आसपास यायला हवं. दोन्हीकडे शून्य आलं.

इथे घाई नडते. मोनो कार्डावरचं सिंक ६८४५ ही चिप बनवते, पण ती जन्मतः कोरी असते. एका रेषेत किती अक्षरं, किती ओळी, सिंक कधी, हे आकडे बायोस तिच्या नोंदींमध्ये भरते, तेव्हा ती कामाला लागते. बायोसचं लिखाण कार्डापर्यंत पोचलंच नाही, तर धडधाकट कार्डही सिंक देणार नाही. म्हणून प्रश्न दोन भागांत फोडला. कार्डाचं घड्याळ चालतंय का? आणि मशीनचं बोलणं कार्डापर्यंत येतंय का?

घड्याळ चालत होतं. ऑसिलोस्कोपवर क्रिस्टलच्या पायाशी १६.२५७ मेगाहर्ट्झ दिसत होते, आणि ६८४५च्या पिन २१वर त्याचा नववा भाग, म्हणजे साधारण १.८ मेगाहर्ट्झ, पोचत होता. एक अक्षर ९ ठिपके रुंद, म्हणून नववा भाग.

बोलणं येत नव्हतं. लॉजिक प्रोब स्लॉटच्या बी-१३वर, म्हणजे आयओ-राइटच्या टोकावर धरला तर चालू होताना ठोके दिसत. त्याच टोकापासून कार्डावर गेलेल्या पट्टीवर धरला तर शांत. मधे फक्त स्लॉटची पाकळी आणि कार्डाचं बोट, म्हणजे कडेची सोनेरी पट्टी. कार्ड उपसून भिंगाखाली धरलं तेव्हा सोल्डरच्या बाजूची बी-११ ते बी-१४ ही चार बोटं हिरवट-पांढरी पडलेली दिसली. मेमरी-राइट, मेमरी-रीड, आयओ-राइट, आयओ-रीड: कार्डाला लिही आणि वाच म्हणणारे चारही इशारे तिथेच येतात. बाकीची बोटं मळकी होती, ही चार गंजली होती.

"मुनीमजी, हे मशीन चालायचं तेव्हा कूलर कुठं असायचा?"

"इथंच ना जी, याच्या मागच्या खिडकीत. उन्हाळ्यात त्याच्याबिगर बसता येते का?"

मशीनच्या मागच्या बाजूला एका रिकाम्या स्लॉटची पत्र्याची पट्टी गायब होती. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा नागपूरचा डेझर्ट कूलर ओली हवा आणि सोबत बारीक तुषारही फेकतो. पॉवर सप्लायचा पंखा हवा बाहेर ओढतो, म्हणून पेटीत हवा शिरते ती अशाच फटींमधून. उघड्या फटीला लागूनच मोनो कार्डाचा स्लॉट. कितीतरी उन्हाळे ती हवा कार्डाच्या पाठीवर बसली.

बोटं साफ करताना सँडपेपर वापरू नये. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दोन घासण्यांत तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो. पेन्सिलीचा पांढरा, मऊ खोडरबर घ्यावा (शाईचा खरखरीत नको) आणि बोटाच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसावं. खोडरबराचे कण स्लॉटमध्ये जाता कामा नयेत. स्लॉटसाठी जाड व्हिजिटिंग कार्डाला बिनधाग्याचं कापड गुंडाळून, अल्कोहोलने ओलसर करून आठ-दहा वेळा आत-बाहेर करावं आणि पूर्ण वाळू द्यावं. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये नेणंही चालतं, फक्त मूळ ५१६०मध्ये प्रोसेसरजवळचा आठवा स्लॉट वेगळा आहे: त्यात बसणाऱ्या कार्डाने बी-८वर परत इशारा द्यावा लागतो, जो बहुतेक कार्डं देत नाहीत. क्लोनमध्ये ही भानगड सहसा नसते.

साफसफाईनंतर पिन ८वर १८.४ किलोहर्ट्झ, पिन ९वर ५०च्या किंचित खाली. सिंक आलं. बीप मात्र तोच: एक लांब, दोन छोटे. आणि अंबर मॉनिटरवर पहिल्यांदा काहीतरी उजळलं: पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ.

रेघ दिसली की आधी ब्राइटनेस खाली

सगळा इलेक्ट्रॉनचा झोत एका रेघेवर आदळत असतो. काही मिनिटांत फॉस्फर जळतो आणि ती रेघ कायमची पडद्यावर राहते. ब्राइटनेस उतरवून मॉनिटर बंद केला. आडवं चालतंय, उभं नाही, म्हणजे दोष मॉनिटरच्या व्हर्टिकल भागात. तो नंतर.

मॉनिटर नसताना चित्र पाहायला आरजीबी-टू-एचडीएमआय या खुल्या प्रकल्पाचा कन्व्हर्टर वापरला. रास्पबेरी पाय झिरो आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी सीपीएलडी चिप, जी ५ व्होल्टची टीटीएल सहन करते. प्रोफाइल मोनोचंच निवडावं लागतं, कारण मोनोचा व्हिडिओ पिन ७वर येतो, तर सीजीए कार्डाचे लाल-हिरवा-निळा ३, ४, ५वर. दुसरी गोष्ट रेषेची एकूण लांबी. दिसणारे ठिपके ७२० असले तरी सिंकसकट रेषा ८८२ ठिपक्यांची असते (९८ अक्षरं गुणिले ९). तिथे ८८०, ८८५ असं काही ठेवलं तर काही कॉलम स्वच्छ आणि मधले काही धुरकट दिसतात, आणि माणूस कार्डात दोष शोधत बसतो. हर्क्युलीसच्या ग्राफिक्स मोडमध्ये हीच लांबी ८६४ होते, त्यासाठी वेगळं प्रोफाइल.

लहान झालेली अक्षरं

एचडीएमआय पडद्यावर डॉस आलं. पण प्रॉम्प्टमधलं ड्राइव्हचं कॅपिटल अक्षर स्मॉल. डिरेक्टरीची सगळी नावं स्मॉल. नंतर हार्ड डिस्क जोडून हिशेबाचा प्रोग्राम उघडला तर खात्यांची नावं स्मॉल, आकडे मात्र अचूक. चौकटींच्या उभ्या रेघा शाबूत आणि आडव्या रेघांच्या जागी ग्रीक सिग्माची रांग.

"आकडे तं बरोबरच आहेत ना भाऊ," मुनीमजी म्हणाले. "अक्षरं लहान झाली तं काय बिघडलं?"

बिघडलं होतं ते एवढंच: एक बिट. प्रत्येक अक्षर व्हिडिओ मेमरीत एका बाइटने राहतं. कॅपिटल ए म्हणजे हेक्स (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) ४१, स्मॉल ए म्हणजे ६१. फरक फक्त २०चा, म्हणजे शून्यापासून मोजत पाचव्या बिटचा. तो बिट कायम १वर अडकला तर प्रत्येक कॅपिटल अक्षर स्मॉल होतं. अंक ३० ते ३९मध्ये राहतात, तिथे हा बिट आधीच १ आहे, म्हणून आकड्यांना धक्का नाही. चौकटीची आडवी रेघ सी४, ती ई४ होते, आणि ई४ म्हणजे सिग्मा. उभी रेघ बी३, तिच्यात बिट आधीच १. दुहेरी आडवी रेघ असती तर सीडीची ईडी, म्हणजे फाय, दिसला असता. चौथा बिट अडकला असता तर मुनीमजींनी असं विचारलंच नसतं: रिकामी जागा २०, ती ३० होऊन पडदाभर शून्यं उमटली असती.

बिट कळला. आता तो कुठे अडकलाय ते शोधायचं. पाचवा बिट स्लॉटच्या ए-४ टोकातून कार्डात येतो, तिथून बफर (येणारे बिट आत घेणारी चिप), मग रॅम, मग लॅच (बाइट क्षणभर धरून ठेवणारी चिप), मग अक्षरांची रॉम (अक्षरांचे आकार साठवलेली चिप). बोटांचा गंज नुकताच पाहिल्यामुळे पहिला संशय ए-४वर जातो, पण तो चित्रानेच खोडून काढला. ६८४५च्या नोंदी याच तारांवरून भरल्या जातात. तिची दुसरी नोंद, दिसणाऱ्या अक्षरांची संख्या, हेक्स ५० म्हणजे ८०. या आकड्यात पाचवा बिट शून्य आहे. तार अडकली असती तर ७० लिहिलं गेलं असतं, म्हणजे एका ओळीत ११२ अक्षरं, आणि चित्राचं वाटोळं. चित्र ८० कॉलमांचं, सरळ होतं. म्हणजे तार आणि बफर ठीक, दोष त्यांच्या पलीकडे.

रॅम की लॅच, हे डॉसच्या डीबगने, म्हणजे मेमरीत थेट लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रोग्रामने, ठरतं. आधी सीएलएस देऊन पडदा पुसावा, नाहीतर पडदा वर सरकताना चाचणीची जागाच हलते. मग डीबगमध्ये ई कमांडने बी००० सेगमेंटच्या शून्याव्या जागेपासून ४१ आणि ०७ हे दोन बाइट लिहावेत आणि लगेच डी कमांडने तीच जागा वाचावी. परत ४१ आलं आणि पडद्यावर स्मॉल ए दिसला, तर रॅम बरोबर आहे, रॉमकडे नेणारा लॅच चुकतोय. परत ६१ आलं तर रॅममध्येच घोळ. इथे ६१ आणि २७ आलं. अक्षराचा आणि अॅट्रिब्यूटचा, दोन्ही बाइटमध्ये तोच बिट. रॅम.

अक्षरांची रॉम बिघडली असती तर लक्षण निराळं असतं: अक्षर तेच, पण त्याचा आकार फाटलेला, एखादा ठिपका सगळ्या अक्षरांत एकाच कॉलममध्ये भरलेला किंवा गायब.

४४६४ बदलणं

हर्क्युलीसने १९८२मध्ये मूळ कार्ड आणलं तेव्हाचं आकर्षण होतं ६४ केबी मेमरी आणि ७२० बाय ३४८चं ग्राफिक्स. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या मोनो कार्डावर अवघी ४ केबी होती आणि ग्राफिक्स नव्हतं. अक्षरं रेखीव, ग्राफिक्सही मिळायचं, आणि मोनो मॉनिटर रंगीतपेक्षा स्वस्त, म्हणून आपल्याकडच्या ऑफिसांत हेच पसरलं. क्लोन कार्डावर ही ६४ केबी दोन ४४६४ चिपांमध्ये असते: प्रत्येक चिप ६४ हजार जागा गुणिले ४ बिट. एक चिप बिट ० ते ३ सांभाळते, दुसरी ४ ते ७. पाचवा बिट दुसरीत. कोणती दुसरी, हे बफरच्या पायापासून मल्टिमीटरने तार मोजून ठरवलं. अंदाजाने ठरवलं तर पन्नास टक्के वेळा चांगली चिप निघते.

४४६४ नवी मिळत नाही. ४१४६४ किंवा ५०४६४ हे दुसऱ्या कंपन्यांचे क्रमांक त्याच जागी चालतात. वेग जुन्याइतका किंवा जास्त हवा, म्हणजे जुनी १५० नॅनोसेकंदांची असेल तर १२० किंवा १००ची चालेल, उलट नाही. सगळ्यात सोपं उगमस्थान म्हणजे मेलेलं ईजीए कार्ड. २५६ केबीच्या ईजीएवर अशा आठ चिपा असतात. कबाडीकडे बोर्ड किलोने विकत मिळतात, तिथे १८ पायांच्या चिपांची रांग शोधावी. (अशा ढिगाऱ्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड सापडलं तर ते चिपांसाठी मोडू नये. भारतीय लिप्या दाखवणारं ते कार्ड आता मिळणं अवघड.)

काढण्याआधी चांगली चिप संशयितावर पायाला पाय लावून दाबून पाहिली. प्रॉम्प्टचं अक्षर अधूनमधून कॅपिटल होऊ लागलं. ही चाचणी होकार देते तेव्हाच खरी: आतला पाय शॉर्ट असेल तर वरची चांगली चिपही काही करू शकत नाही.

जुनी चिप वाचवण्याचा मोह टाळावा. बारीक कटरने अठराही पाय चिपच्या पोटाजवळ कापावेत, मग ३५० अंशांवर एकेक पाय चिमट्याने उचलावा आणि भोकं सोल्डर पंपाने साफ करावीत. सबंध चिप एकदम उपटायला गेलं की भोकांतला तांब्याचा आतला थर सोबत येतो, आणि मग कार्डाची खरी दुरुस्ती सुरू होते. रिकाम्या जागी १८ पिनांचा आयसी बेस लावला. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, तो सहज मिळतो.

बसवताना खाच बघावी. टीटीएल चिपांत ५ व्होल्ट शेवटच्या पायाला आणि ग्राउंड कोपऱ्यातल्या खालच्या पायाला, ही सवय हाताला असते. ४४६४मध्ये उलट आहे: पाय ९ला ५ व्होल्ट, पाय १८ला ग्राउंड. मीटरने ताडून पाहताना आकडा उलटा दिसला म्हणून चिप फिरवली तर ती हात भाजेल इतकी तापून मरते.

चालू केलं. एक छोटा बीप. आता तो खरा होता. डीबगने ४१ लिहिलं, ४१ परत आलं. चौकटी चौकटी झाल्या. लहान अक्षरांनी काय बिघडतं याचंही उत्तर आता दाखवता आलं: प्रिंट-स्क्रीन व्हिडिओ मेमरी वाचून छापतं, त्यामुळे कागदावरही सिग्माच उमटले असते, आणि तो कागद वाटणीच्या बैठकीत ठेवायचा होता.

मॉनिटर

याला कॉम्प्युटरवाला नव्हे, जुन्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीचा मेकॅनिक लागतो. आपल्या टीव्हीची आडवी वारंवारता १५.६२५ किलोहर्ट्झ, याची १८.४३२. रचना सख्ख्या भावासारखी. नळीवर दहा हजार व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही राहतात. ज्याला ईएचटीची (नळीला उच्च व्होल्टेज नेणाऱ्या तारेची) टोपी उतरवून डिस्चार्ज करता येत नाही त्याने मागचं झाकण उघडू नये. व्हर्टिकल आउटपुटच्या पायांभोवती ड्राय सोल्डरच्या अंगठ्या होत्या, आणि डिफ्लेक्शन कॉइलकडे जाणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकला होता. पाय पुन्हा सोल्डर केले, १०५ अंशांचा नवा कपॅसिटर लावला, चित्र पूर्ण उंचीचं झालं.

एक ताकीद मात्र द्यायला हवी. काही मोनो मॉनिटरांत आडव्या भागाला चाल मिळते ती कार्डाच्या सिंकमधूनच. त्यांना सीजीए कार्डावर लावलं, किंवा एखाद्या प्रोग्रामने ६८४५मध्ये भलते आकडे भरले, तर आडवा भाग जळतो. ९ पिनांचं तोंड मोनो, सीजीए, ईजीए तिघांना सारखंच असतं. बसतं म्हणून लावू नये. मॉनिटरची किंचाळी ऐकू आली की लगेच स्विच बंद.

व्हीजीएच का ठेवलं नाही

घरच्या पोरांचा हा रास्त प्रश्न होता. एक्सटीवर व्हीजीए चालतं, पण तीन गोष्टी जुळाव्या लागतात. स्विच पाच आणि सहा ऑन. कार्डाच्या बायोसमध्ये ८०८८ला न समजणाऱ्या सूचना नकोत, कारण पुढच्या काळातल्या काही कार्डांची बायोस २८६ हा पुढचा प्रोसेसर गृहीत धरून लिहिलेली असते. (८०८८च्या जागी एनईसीचा व्ही-२० बसवला तर १८६पर्यंतच्या सूचना चालून जातात.) आणि प्रोग्रामला ते मान्य हवं.

इथे तिसरी अडली. हिशेबाचा प्रोग्राम मोनोसाठी पक्का केलेला आणि थेट बी००० पत्त्यावर लिहिणारा. व्हीजीए रंगीत टेक्स्ट मोडमध्ये बी८०० दाखवतं. प्रोग्राम लिहीत होता, कोणी बघत नव्हतं, म्हणून पडदा थिजल्यासारखा वाटला. व्हीजीएला मोनो टेक्स्टच्या मोड ७मध्ये नेऊन हे टाळता येतं, पण याच प्रोग्रामचे आलेख हर्क्युलीस ग्राफिक्सचे होते, आणि ते साधं व्हीजीए देत नाही.

प्रिंटर का गेला होता तेही इथेच सुटलं. मोनो कार्डावरचा प्रिंटर पोर्ट ३बीसी पत्त्यावर असतो. बायोस प्रिंटर शोधताना ३बीसी, ३७८, २७८ या क्रमाने जाते आणि पहिला सापडेल त्याला एलपीटी-१ म्हणते. मोनो कार्ड काढलं की ३बीसी गेला आणि आयओ कार्डावरचा ३७८ एलपीटी-१ झाला. डॉट-मॅट्रिक्सची केबल मात्र काढलेल्या कार्डासोबत मोकळी झाली होती आणि ती परत कोणी लावलीच नव्हती. प्रिंटर ठणठणीत होता.

दोन्ही कार्डं एकत्रही राहतात: मोनो बी०००वर, व्हीजीए बी८००वर, फक्त हर्क्युलीसचं वरचं ३२ केबी पान बंद ठेवायचं, म्हणजे ३बीएफ पोर्टचा बिट १ शून्य. एक्सटीत हे सुखाने चालतं. एटीमध्ये, म्हणजे एक्सटीनंतरच्या १६ बिटी पीसीत, १६ बिटी व्हीजीए शेजारच्या १२८ केबीच्या सगळ्या पट्ट्याला "मी १६ बिटी" असं सांगतं आणि ८ बिटी मोनोवर कचरा दिसू लागतो. तिथे व्हीजीएला ८ बिटी जंपरवर किंवा ८ बिटी स्लॉटमध्ये ठेवावं.

परत जागेवर

चित्र आल्याबरोबर पहिलं काम कॉपीचं. हार्ड डिस्कवरचा हिशेबाचा अख्खा फोल्डर सिरियल पोर्टच्या नल-मोडेम केबलने दुसऱ्या मशीनवर उतरवला, त्यानंतरच छपाई. मशीन सलग तीन तास चालू ठेवून डीबगची चाचणी दर अर्ध्या तासाने केली, कारण कमकुवत डीरॅम थंडीत शहाण्यासारखी वागते आणि तापल्यावर दगा देते.

मागच्या उघड्या फटीवर पत्र्याची पट्टी बसवली. कूलर खिडकीतच राहिला, मशीनचं टेबल समोरच्या भिंतीला गेलं. पेटीच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: "स्विच ५ आणि ६ ऑफ. प्रिंटर याच कार्डावर. व्हीजीए लावल्यास ५ आणि ६ ऑन, काढल्यास परत ऑफ." कागदाखाली काळ्या फोममध्ये टोचलेल्या ईजीएवरच्या दोन जादा ४४६४.